एरिकच्या शेजारची जागा

ग्राबोवा, ६ मार्च १९९५

प्रिय क्लारा,

तू पाठवलेली कॉफी पोचली. अर्धी मी ठेवली आणि अर्धी शेजारच्या त्रुदाला दिली, म्हणजे तिलाही कळावं की आमचंही माणूस जर्मनीत आहे. गुडघा बराय. कबुतरं मात्र शेवटी देऊन टाकली. एरिक गेल्यापासून ती माझ्याकडे परक्यासारखी बघायची, आणि मला सवय आहे अशा नजरांची, पण कबुतरांकडून कोण ऐकून घेणार?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. काल दुपारी इस्क्रा क्लबचे अध्यक्ष गावेन्डा आले होते. अंगात सूट, हातात सेलोफेनमध्ये गुंडाळलेली तीन लाल कार्नेशनची फुलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एरिक जिवंत असताना या माणसाने मला कधी फूल आणलं नाही. आणायचा तो चिखलाने माखलेला नवरा, तोही दिवेलागणीला.

म्हणाले, "एल्फ्रिडाबाई, जूनमध्ये आपल्या इस्क्राला पंचाहत्तर वर्षं होतायत. क्लबच्या इतिहासाचं पुस्तक काढतोय. मिरवणूक आहे, जुन्या खेळाडूंचा सामना आहे. आणि कमिटीने ठरवलंय, एरिकच्या कबरीवर क्लबतर्फे नवा दगड बसवायचा."

मी म्हटलं, "आहे की तिथे दगड. मी बसवलाय."

"तो साधा आहे हो. आम्ही चांगला दांडगा बसवू. वर क्लबचं चिन्ह, खाली दगडाचाच फुटबॉल, आणि मधे मोठ्या अक्षरांत 'इस्क्राचा एरिक ओपारा'."

"आणि माझं नाव?"

आत्ताचा दगड तू पाहिलायस. डावीकडे एरिक आणि त्याची दोन्ही सालं. उजवीकडे एल्फ्रिडा ओपारा, १९३३, आणि पुढे मोकळी रेघ, गावातल्या सगळ्या विधवांची असते तशी. दर एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, मेणबत्त्या लावायला जाते तेव्हा ब्रशने माझं स्वतःचं नाव घासून काढते आणि मला बरं वाटतं. त्याच्या शेजारची जागा जन्मभर मला कधी धड मिळाली नाही. तिथे ती आहे, आणि ती कोरलेली आहे.

गावेन्डांनी कप खाली ठेवला. "तुमचं नाव बसवू की कुठेतरी. खाली, बारीक अक्षरात. देवदयेने अजून वेळ आहे त्याला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केकचा दुसरा तुकडा द्यायचा होता, तो दिला नाही.

क्लारा, सवत म्हणजे काय ते या गावात मला विचारावं. लोकांच्या नवऱ्यांना बाया असतात. त्यांचा माग काढता येतो, झिंज्या उपटता येतात. माझ्या सवतीला अकरा डोकी आणि बावीस पाय, आणि दर रविवारी अख्खं गाव तिला टाळ्या वाजवायला जायचं. माझ्या लग्नाला तू होतीस. चर्चच्या पायरीवर माझा हात सोडून नवरदेव सायकलच्या दांडीवर बसून मैदानात गेला. मी दीडशे लोकांसमोर सूप थंड करत बसले. संध्याकाळी त्याला खांद्यावर घेऊन आले, दोन गोल मारले म्हणून, आणि तुझ्या बाबांनी मला सांगितलं, "सूनबाई, पायगुण चांगला आहे तुझा." मला रडू आलं, तर सगळ्यांना वाटलं आनंदाचं आहे.

जिवंतपणी मी वाटून घेतला. मेल्यावर वाटणार नाही. तू त्याची सख्खी बहीण आणि क्लबच्या संस्थापकाची मुलगी. तू गावेन्डांना दोन ओळी लिही की कुटुंबाला हे मान्य नाही. तुझं ते ऐकतील.

तुझी,
फ्रिडा

*

बोट्रॉप, १९ मार्च १९९५

प्रिय फ्रिडा,

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि रागही आला. इस्क्रा तुझी सवत? उलटं बोललीस. आमच्या घरात इस्क्रा आधी आली, तू नंतर.

तुला हा इतिहास कुणी नीट सांगितला नसावा, किंवा सांगितला तेव्हा तू भांडी आपटत असशील. १९२० साली बाबा आणि खाणीतले त्यांचे सहा सोबती बेकरीच्या मागच्या खोलीत जमले. बेकरीच का, तर भट्टीची ऊब फुकट मिळायची. आपलं गाव पोलंडमध्ये जाणार की जर्मनीकडे राहणार याचं मतदान तेव्हा तोंडावर होतं. अशा वेळी पोलिश नावाचा क्लब काढणं म्हणजे पोलिसांना घरी जेवायला बोलावण्यासारखं. तरी त्यांनी नाव ठेवलं इस्क्रा, म्हणजे ठिणगी. पहिला चेंडू खोगीर शिवणाऱ्याने शिवला. तो इतका जड होता की डोक्याने मारणारा दुसऱ्या दिवशी कामावर जात नसे. लाल रेशमी झेंड्यावर सोनेरी ठिणगी कुणी भरली? आईने. तेव्हा ती कुमारिका होती. भरतकाम कुठवर आलं ते बघायला बाबा गेले आणि लग्न ठरवून परतले. ती ठिणगी नसती तर मी नसते आणि तुझा एरिकही नसता. हे एकदा शांतपणे मनात घे.

युद्धात जर्मनांनी क्लबला कुलूप लावलं. ते निघालं आणि चार वर्षांत वरून हुकूम आला की जुनी नावं बंद, आता हा खाणीचा क्लब. कमिटीने मुकाट्याने हात वर केले. बाबांचे दोन्ही हात खिशात होते. झेंडा जमा करा म्हणाले, तर बाबांनी सांगितलं कसरीने खाल्ला. त्यानंतर सत्तावन्न साली जुनं नाव परत मिळेपर्यंत त्यांनी मैदानात पाऊल टाकलं नाही. स्वतःच्या पोराचे गोल ते कुंपणाबाहेरच्या टेकाडावर उभे राहून बघायचे. तू टेकाडावर कधी गेलीस का त्यांच्यासाठी चहा घेऊन? मी जायचे.

आणि पुढची ती सोन्यासारखी वर्षं! खाणीने आपल्याच मैदानाखालचा कोळसा उपसला आणि कालव्याकडची बाजू खचली. मोठमोठ्या शहरांतले क्लब यायचे, त्यांचा चेंडू घरंगळत कालव्याकडे जायचा, आणि तिथे एरिक हात कमरेवर ठेवून उभा असायचा. तो उतार त्याला आपल्या अंगणासारखा पाठ होता. आम्ही दुसऱ्या विभागापर्यंत चढलो ते त्या उतारावरून, असं सगळं गाव म्हणायचं.

ते बाबा आज कुठे आहेत? जुनी दफनभूमी खाणीच्या पोकळीत खचली, हाडं गोळा करून एका चौथऱ्याखाली ठेवली, आणि अंटोन ओपारा हे नाव ग्राबोवात कुठेच उरलं नाही. ते मुलाच्या दगडावर यायला हवं. काळ्या स्वीडिश ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं फार छान उठतात. बारीक अक्षरांत राहायला तुला काय हरकत आहे? एवीतेवी तुझं त्या क्लबशी कधी सख्य नव्हतं.

गुडघ्याला कोबीचं पान बांध.

क्लारा

*

ग्राबोवा, २ एप्रिल १९९५

क्लारा,

दगड काळा आहे, स्वीडनहून येणार आहे आणि अक्षरं सोनेरी आहेत, हे मी तुला कधी लिहिलं?

मी तुला काय काय लिहिलं होतं ते पुन्हा आठवून पाहिलं. 'दांडगा दगड' एवढंच गावेन्डा मला म्हणाले होते. मग मी डोक्याला रुमाल बांधून तडक क्लबात गेले. "अध्यक्षसाहेब, दगड कसला?" ते म्हणाले, "काळा. स्वीडिश." मी म्हटलं, "आणि ही कल्पना कुणाची?" ते कोटाच्या बटणाशी चाळा करायला लागले. "बोट्रॉपहून पत्र आलं होतं. जानेवारीत. आम्हाला वाटलं तुम्हा दोघींचं ठरलंय."

जानेवारीत! म्हणजे आधी गावेन्डांना दगड सुचवायचा आणि मागोमाग मला कॉफी पाठवायची. आणि मी वेडी, तुझ्याकडेच दाद मागायला आले. चोरालाच कोतवाल केलं.

अठरा वर्षं तू तिकडे आहेस. उंटावरून शेळ्या हाकायला सोपं असतं गं. एरिकची फुप्फुसं कोळशाने भरली तेव्हा रात्री त्याला उशांना टेकवून बसवायला तू नव्हतीस. अंत्ययात्रेला मात्र आलीस, आणि तुझं फुलांचं चक्र माझ्या चक्राच्या दुप्पट. त्यावरची फीत इतकी रुंद की माझं 'तुझी पत्नी' तिच्याखाली झाकलं गेलं. लोक गेल्यावर ते चक्र उचलून मागे ठेवलं ते मीच. वाऱ्याने गेलं असं तुला त्रुदाने सांगितलं, कारण त्रुदा भली बाई आहे.

आणि सख्य नव्हतं म्हणतेस? त्या तुझ्या पवित्र क्लबचे शर्ट आमच्या न्हाणीघरात धुतले जायचे. त्यांचा लाल रंग सुटायचा. एरिकच्या बनियनी, माझे टॉवेल, लग्नातल्या पांढऱ्या चादरी, सगळं गुलाबी. साऱ्या गल्लीत एकटीच्या माझ्या दोरीवर गुलाबी चादरी वाळायच्या. दुसऱ्या बायकांना नवऱ्याच्या कॉलरवर रंग सापडतो. मी तर स्वतःच्या हाताने तो रंग घरभर लावला.

दगड तिथेच राहील. मी गवंड्याला सांगून आले आहे, माझ्या सहीशिवाय पहारसुद्धा लावायची नाही. बाबांबद्दल मला आदर आहे. पण त्यांचं नाव माझ्या अंगावरून चढून जाणार नाही.

एल्फ्रिडा ओपारा

*

बोट्रॉप, शुभ शुक्रवार, १४ एप्रिल १९९५

एल्फ्रिडा,

आज उपासाचा दिवस. कुणाला टाकून बोलू नये. म्हणून फक्त खरं तेवढं लिहिते.

होय, गावेन्डांना मी लिहिलं. पुन्हा लिहीन. माझ्या बापाच्या नावासाठी मला कुणाची परवानगी लागत नाही, तुझी तर नाहीच. आणि सवत काय असते ते मला शिकवू नकोस. योझेफ मला सोडून ज्या बाईकडे गेला आणि आज जिच्या शेजारी पुरलाय, तिला डोकं एकच आहे. पण ते एकच पुरलं.

तू म्हणतेस, तुझ्या वाट्याला काहीच आलं नाही. मग ऐक. तुझ्या पलंगावर जी हंसाच्या पिसांची दुलई आहे ना, आईने लग्नात दिलेली, ती माझी. तीन हिवाळे आमच्या स्वयंपाकघरात शेजारपाजारच्या बायका बसून पिसं सोलत होत्या, ते माझ्या लग्नासाठी. मी स्वतः सोललीत, बोटांची सालं निघेपर्यंत. आणि पन्नास साली मी बोहल्यावर चढले तेव्हा माझ्या हातात पडली घाईघाईने भरलेली, कोंबडीच्या पिसांची. ती टोचायची. मी आईला विचारलं, माझी कुठाय? म्हणाली, ती या घराबाहेर जायची नाही. पाच वर्षांनी तू आलीस आणि तुला ती मिळाली. इतकी वर्षं मला वाटत होतं, आईला माझ्याहून तू आवडलीस.

एकोणऐंशी साली आई अंथरुणावर होती, मी व्हिसा काढून आले होते, आठवतं? तेव्हा तिने मला खरं कारण सांगितलं. कसरीने झेंडा खाल्ला नव्हता. बाबांनी तो माझ्या दुलईत शिवून टाकला होता, दोन खोळींच्या मधे. सून घरातच राहणार, लेक जाणार, म्हणून दुलई सुनेला. सत्तावन्नला नाव परत आलं तरी बाबांनी झेंडा काढला नाही. म्हणाले, ज्यांनी हात वर केले होते त्यांच्याच हातात कशाला देऊ? आणि त्याच हिवाळ्यात ते गेले.

तेव्हा जी तुझी सवत म्हणतेस, तिला पांघरून तू चाळीस वर्षं झोपतेस.

आणि हेही सांगते. आईच्या अंत्ययात्रेनंतर मी हे एरिकला सांगितलं. तो म्हणाला, "राहू दे तिथेच." तुला त्याने सांगितलं नाही ना? मला वाटलंच होतं. काही गोष्टी माणूस आपल्या रक्ताच्या माणसातच ठेवतो.

झेंडा आता बाहेर आला पाहिजे. पंचाहत्तर वर्षांच्या मिरवणुकीत तो हवाच. गावेन्डांना मी अजून कळवलेलं नाही. तू दे, म्हणजे तुझाही मान राहील.

ईस्टरच्या शुभेच्छा.

क्लारा

*

ग्राबोवा, ३० एप्रिल १९९५

क्लारा,

उसवली. अंगणातल्या धुण्याच्या खोलीत त्रुदाने एक टोक धरलं, मी कात्री चालवली. आधी नुसती पिसं, नाकातोंडात, केसांत, त्रुदाच्या चहात. मग आतली खोळ, आणि तिच्या पोटात घडी घातलेलं लाल रेशीम. ठिणगी तशीच आहे, एक धागा निसटलेला नाही. तुझ्या आईचा हात खरंच देवाचा होता.

त्रुदा म्हणाली, "बाई गं, किती सुंदर!" मी तिला म्हटलं, तू घरी जा.

एरिकला सोळा वर्षांपूर्वी कळलं होतं. त्यानंतर तेरा वर्षं तो माझ्या शेजारी झोपला. त्या दुलईखाली मी त्याला आल्याचा काढा पाजला, त्याचा ताप उतरवला, त्याच्याशी भांडले, रुसले, समेट केला. आणि त्याला ठाऊक होतं की आम्ही दोघं नाही, तिघं आहोत. तो रोज तिला पांघरून घ्यायचा आणि मला म्हणायचा, "फ्रिडा, ऊब छान आहे." कुणाची ऊब, आता कळलं.

परवा मी कबरीवर गेले. मेणबत्ती नेली होती, ती लावली नाही, परत आणली. त्याला जे बोलायचं ते मोठ्याने बोलले. पलीकडे कुणी बाई फुलझाडं लावत होती, ती सामान उचलून निघून गेली.

झेंडा मी कुणाला देणार नाही. रेशीम मऊ आहे. त्याची काच पुसायची चांगली आठ फडकी होतील. कात्री हाताशीच आहे.

फ्रिडा

*

बोट्रॉप, ८ मे १९९५

फ्रिडा,

कापू नकोस. तुला टेलिफोन लावला तर त्रुदाने उचलला आणि म्हणाली तू बोलायला येत नाहीस.

मी तुला जास्त बोलले. 'रक्ताच्या माणसातच' वगैरे लिहायला नको होतं. 'राहू दे' एवढंच तो म्हणाला, बाकीचं मी माझ्या पदरचं जोडलं. त्याने माझ्याशी एक तरी गुपित ठेवलं, एवढं मला पुरायचं. तुझ्याकडे त्याची सगळी वर्षं होती. मला एक गोष्ट असू दे की.

दगडाचं तुला हवं तसं कर. मी गावेन्डांना कळवते की मागे घेतलं. पण ती ठिणगी आईची आहे गं. तिच्या हातचं दुसरं काही या जगात राहिलेलं नाही.

माझी काळजी करू नकोस, माझी इथली सगळी व्यवस्था लागलेली आहे. नगरपालिकेची हिरवळ आहे, तिथे कलश ठेवतात. दगड नाही, नाव नाही, कुणाला येऊन घासायला-पुसायला नको. स्वच्छ आणि आटोपशीर. इथे पुष्कळ लोक आता तसंच करतात.

क्लारा

*

ग्राबोवा, २५ जून १९९५

प्रिय क्लारा,

उशीर झाला, पण आधी काही लिहिलं असतं तर अर्धंच लिहिलं असतं. कापला नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी झेंडा भाजीच्या पिशवीत घालून क्लबात गेले. देण्यासाठी नाही. गावेन्डांना दाखवायचा, त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं की परत आणायचा, असा माझा बेत होता. टेबलावर पसरला. ते उभे होते ते खुर्चीत बसले. हात पुढे केला आणि मागे घेतला, हात धुऊन आले, मग शिवले.

"म्हणजे हा तुमच्याकडे होता," ते म्हणाले.

"माझ्या दुलईत. आणि माझ्या नवऱ्याला माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं."

मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं यांना भोवळ आली. म्हणाले, "एल्फ्रिडाबाई, ऐंशी साली क्लबला साठ वर्षं झाली, तेव्हा मी एरिकला विचारलं होतं. तू अंटोनचा मुलगा, झेंड्याचं काही कळलं का कधी? म्हणाला, कळलंय, पण देता येणार नाही. मी म्हटलं, अरे, जयंती आहे, कमिटी तुझ्या पाया पडेल. म्हणाला, 'तो कामाला लागलाय. फ्रिडाला थंडी सोसत नाही, ती दुलई उसवली तर पुन्हा तशी भरून होत नाही.' मला वाटलं प्यायलाय. मी पुन्हा विचारलं, तर चिडला. म्हणाला, 'इस्क्राला मी सगळं दिलं, गुडघेसुद्धा. हे नाही देणार.'"

क्लारा, मी त्या खोलीत, चषकांच्या कपाटासमोर, डोळ्यांना पदर नाही म्हणून झेंड्यालाच डोळे पुसले. जन्मभर मी वाट बघितली की एकदा तरी इस्क्राने मागावं आणि याने नाही म्हणावं. त्याने म्हटलं होतं. आणि मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी रागाने दुलई उसवली असती. ओळखून होता मला. थंडी मला खरंच सोसत नाही.

म्हणून झेंडा दिला. गावेन्डांना म्हटलं, दगडाला हात लावायचा नाही, आणि तुमच्या फाटकावर अंटोन ओपारांच्या नावाची पाटी लागली पाहिजे, येणाराजाणारा प्रत्येकजण वाचेल अशी. ते काहीही कबूल करायला तयार होते. पाटी लागली. पुस्तकात पहिल्या पानावर बाबा आहेत, टेकाडावर उभे, हात खिशात. तुझ्यासाठी एक प्रत ठेवली आहे.

मिरवणूक अठराला झाली. झेंडा धरायला तरणी पोरं होती, पण काठी सोबतीने मी धरली, गुडघा असून. खाणीचा बँड होता, टोप्यांवर काळी पिसं. फाटकाशी पोचलो तेव्हा म्हातारे रडत होते आणि पोरं विचारत होती की हे कशाला रडतात. जुन्या खेळाडूंचा सामना चार-चार झाला. चेंडू अजूनही कालव्याकडेच जातो. मी पहिल्यांदाच पूर्ण सामना बघितला. खरं सांगू? तिच्यात तसं काही नाही. पण ती देखणी आहे, हे मान्य करते.

दुलई पुन्हा भरून शिवली. पिसं तुझी, कबूल. पाठवणार नाही. थंडीचं मी वर लिहिलंच आहे.

आता तुझ्या हिरवळीबद्दल. तू 'स्वच्छ आणि आटोपशीर' लिहिलंस ते मी त्रुदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरंय की." त्रुदाला काही कळत नाही. बापाचं नाव हवं, बापाचं नाव हवं, म्हणत तू दारोदार फिरत होतीस, आणि स्वतःला मात्र निनावी गवताखाली घालून मोकळी झालीस. मला आधी कसं दिसलं नाही? मी आपल्या जागेवर पाय रोवून उभी होते, म्हणून दिसलं नसेल.

गवंडी परवा येऊन गेला. माझ्या नावाखाली दोन बोटं जागा सुटली होती. तिथे कोरून घेतलं: क्लारा ओपारा, १९२६, आणि रेघ. तुझं सासरचं नोवारा लावलं नाही. योझेफ त्याच्या बाईजवळ सुखात असू दे. धर्मगुरूंना विचारलं, कलशाला जागा पुरते म्हणाले.

पण नीट समजून घे. डावीकडे एरिक, उजवीकडे मी, तू खाली. त्याच्या शेजारी नाही. ते जमणार नाही आणि मागू नकोस. एवढी मी बदललेली नाही.

तुझी,
फ्रिडा

*

बोट्रॉप, ९ जुलै १९९५

प्रिय फ्रिडा,

पत्र मिळालं. चर्चमध्ये घेऊन गेले आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून वाचत बसले. धर्मगुरूंना वाटलं असेल, म्हातारी फार भाविक झाली.

हिरवळवाल्यांना कळवलं की माझं नाव काढा. तिथल्या मुलीने विचारलं, कारण काय लिहू? मी म्हटलं, लिही, जागा मिळाली.

एरिक ते गावेन्डांना म्हणाला, मला नाही म्हणाला. मला फक्त 'राहू दे'. म्हणजे माझं गुपितही तुझंच निघालं. दोन दिवस मी तुझ्यावर इतकी जळले की जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बटाट्याचे गोळे आणि जांभळा कोबी केला, एकटीसाठी, आणि सगळा संपवला.

एक नोव्हेंबरला येते. माझं नाव मी घासेन. तुझंही घासलं तर चालेल का, ते मात्र तेव्हा बघू.

त्याच्या शेजारी तू, खाली मी. कबूल. पण मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे, हे ध्यानात ठेव. तेव्हा त्याच्याजवळ आधी मीच पोचणार, आणि तू येईपर्यंत तो माझ्या एकटीचा असेल.

तू घाई करू नकोस.

क्लारा